जिथे पर्जन्यमापक नाही, तिथला पाऊस

(व्याख्यानाचा मजकूर)

२६ जुलै २००५ रोजी मुंबईवर जो पाऊस कोसळला, त्याचे दोन आकडे हवामान खात्याच्या दप्तरात शेजारी शेजारी नोंदलेले आहेत. दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठ वाजता संपलेल्या चोवीस तासांत सांताक्रूझ येथे ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तर कुलाबा येथे सुमारे ७३ मिलिमीटर. या दोन वेधशाळांमधील अंतर पंचवीस किलोमीटरांच्या आतले आहे. विहार तलावाजवळच्या मापकात तर हजार मिलिमीटरांहून अधिक पावसाची नोंद झाली. एकाच शहरात, एकाच दिवशी, एका टोकाला पावसाळ्यातील नेहमीचा दिवस आणि दुसऱ्या टोकाला जलप्रलय, असे हे दृश्य होते.

आता क्षणभर अशी कल्पना करावी की, सांताक्रूझला वेधशाळाच नव्हती आणि विहारलाही मापक नव्हते. मग त्या दिवसाचा इतिहास केवळ कुलाब्याच्या आकड्यावरून लिहिला गेला असता. हवामान खात्याच्या वर्गवारीप्रमाणे ६४.५ ते ११५.५ मिलिमीटर पाऊस 'जोरदार' या सदरात मोडतो. 'अति जोरदार' किंवा 'अत्यंत जोरदार' अशीही नोंद झाली नसती. पाण्यात बुडालेली माणसे, वाहून गेलेली घरे आणि ठप्प झालेली रेल्वे यांचा आणि दप्तरातील आकड्याचा मेळ कोणालाही घालता आला नसता.

मुंबईला वेधशाळा होती म्हणून हे घडले नाही. परंतु राज्यातील असंख्य वाड्यावस्त्या, डोंगरउतार आणि लहान ओढ्यांची खोरी यांच्या बाबतीत हा प्रकार पावसाळ्यात नेहमीच संभवतो. ढग फुटतो एका खोऱ्यात आणि पर्जन्यमापक असतो दुसऱ्या खोऱ्यात. अशा ठिकाणी पडलेला किंवा पडू शकणारा कमाल पाऊस कसा ठरवावा, हा प्रश्न वरकरणी शास्त्रज्ञांचा वाटला तरी त्याच्या उत्तरावर मोरीचा व्यास, पाझर तलावाचा सांडवा, डोंगराच्या कुशीतील वस्तीची सुरक्षितता आणि शेतकऱ्याला मिळणारी मदत हे सारे अवलंबून असते.

बशीएवढ्या तोंडाची साक्ष

सर्वसामान्य पर्जन्यमापकाच्या तोंडाचे क्षेत्रफळ २०० चौरस सेंटीमीटर, म्हणजे एखाद्या बशीएवढे असते. भारतीय मानकाप्रमाणे सपाट प्रदेशात दर ५२० चौरस किलोमीटरांमागे एक आणि भरपूर पावसाच्या डोंगराळ प्रदेशात दर १३० चौरस किलोमीटरांमागे एक मापक असावा, अशी शिफारस आहे. ही दाट रचना जरी गृहीत धरली, तरी एका मापकाचे तोंड आपल्या वाट्याच्या क्षेत्राच्या सहाशे पन्नास कोटींतील एक भाग एवढेच भरते. उरलेल्या सर्व जमिनीवरील पाऊस हा अंदाजच असतो.

महाराष्ट्रात 'महावेध' प्रकल्पाखाली महसूल मंडळ स्तरावर दोन हजारांहून अधिक स्वयंचलित हवामान केंद्रे उभारण्यात आली. ही निःसंशय मोठी सुधारणा होय. राज्याचे क्षेत्रफळ सुमारे ३ लाख ७ हजार चौरस किलोमीटर आणि गावे चाळीस हजारांहून अधिक आहेत. म्हणजेच सरासरीने एका केंद्राकडे सुमारे दीडशे चौरस किलोमीटर क्षेत्र आणि वीसच्या आसपास गावे येतात. अतिवृष्टीच्या मदतीसाठी महसूल मंडळात चोवीस तासांत ६५ मिलिमीटरांहून अधिक पाऊस हा निकष राज्यात वापरला जात आला आहे. वीस गावांपैकी एका गावाची शेते खरवडून निघाली आणि मंडळाच्या केंद्रावर मात्र ३० मिलिमीटरच पाऊस पडला, तर त्या गावाच्या बाजूने बोलणारा आकडा कोठे शोधावयाचा? प्रश्नाचे गांभीर्य येथे आहे.

जवळचा मापक नेहमी जवळचा नसतो

मापक नसलेल्या ठिकाणाचा पाऊस काढण्याची सर्वांत जुनी रीत म्हणजे शेजारच्या नोंदी वापरणे. अमेरिकेतील हवामानशास्त्रज्ञ थीसन यांनी १९११ मध्ये सुचविलेली पद्धत आजही अभियांत्रिकीच्या प्रत्येक विद्यार्थ्याला शिकविली जाते. नकाशावर प्रत्येक मापकाच्या भोवती त्याचे 'राज्य' आखावयाचे आणि त्या राज्यातील सर्व जमिनीवर त्याच मापकाएवढा पाऊस पडला असे मानावयाचे. दुसऱ्या रीतीत समान पावसाच्या रेषा काढतात. तिसऱ्या रीतीत जवळच्या मापकाला जास्त आणि दूरच्याला कमी वजन देऊन सरासरी घेतात.

महिन्याच्या किंवा वर्षाच्या पावसासाठी या पद्धती बऱ्याच अंशी उपयोगी पडतात. अतिवृष्टीच्या बाबतीत मात्र त्या दोन ठिकाणी फसतात. पहिले म्हणजे, सरासरी ही शिखरे छाटून टाकते. सांताक्रूझ व कुलाबा यांच्या मधोमध असलेल्या एखाद्या ठिकाणासाठी दोन आकड्यांची सरासरी घेतली तर ती सुमारे ५०८ मिलिमीटर येते. हा आकडा सांताक्रूझचाही नाही आणि कुलाब्याचाही नाही. त्या मधल्या जागेवर खरोखर तेवढा पाऊस पडला असे म्हणण्यास कोणताही आधार नाही.

दुसरे म्हणजे, सह्याद्रीच्या प्रदेशात किलोमीटर हे अंतराचे योग्य माप नव्हे. महाबळेश्वरला वर्षाकाठी सुमारे ६,००० मिलिमीटर पाऊस पडतो. तेथून पूर्वेकडे थोड्याच अंतरावरील पाचगणीला त्याच्या एक तृतीयांशाहून कमी आणि घाट उतरून वाईला गेल्यावर साधारण एक अष्टमांश पाऊस मिळतो. म्हणून घाटमाथ्यावरील गावासाठी पायथ्याचा मापक नकाशावर कितीही जवळ दिसला तरी तो त्या गावाचा शेजारी ठरत नाही. त्याऐवजी समुद्रसपाटीपासूनची उंची, उताराची दिशा आणि माथ्यापासूनचे अंतर ज्या मापकाशी जुळते, तो दूरचा असला तरी अधिक जवळचा मानावा लागतो.

माळीण येथे ३० जुलै २०१४ रोजी आणि तळिये येथे २२ जुलै २०२१ रोजी जे घडले, त्यामुळे डोंगराच्या कुशीतील वस्त्यांचा प्रश्न साऱ्या राज्यासमोर आला. दरड कोसळण्यास भूरचना, मातीचा थर आणि जमिनीचा वापर अशी अनेक कारणे असतात. परंतु उतारावर मुरलेल्या पावसाचे प्रमाण कळल्याखेरीज धोक्याची सूचना वेळेवर देता येत नाही. तो पाऊस तालुक्याच्या गावी नव्हे, उतारावर मोजावा किंवा अजमावावा लागतो.

अनेक गावांचा अनुभव एका गावासाठी

आतापर्यंत पडलेल्या पावसाचा विचार झाला. पूल, मोरी किंवा बंधारा बांधणाऱ्यास मात्र पुढे पडू शकणारा पाऊस लागतो. येथे 'शंभर वर्षांतून एकदा येणारा पाऊस' हा शब्दप्रयोग नेहमी होतो आणि त्याचा अर्थ पुष्कळदा चुकीचा घेतला जातो. असा पाऊस यंदा पडला म्हणून पुढील नव्व्याण्णव वर्षे निर्धास्त राहावे, असा त्याचा अर्थ नाही. कोणत्याही एका वर्षात तेवढा किंवा त्याहून अधिक पाऊस पडण्याची शक्यता शंभरात एक आहे, एवढाच त्याचा अर्थ. ही शक्यता दरवर्षी नव्याने उभी राहते. पंचवीस वर्षांच्या काळात असा पाऊस निदान एकदा तरी येण्याची शक्यता सुमारे २२ टक्के, तर पन्नास वर्षांत सुमारे ४० टक्के असते. पन्नास वर्षे टिकावी म्हणून बांधलेल्या पुलाच्या दृष्टीने ही शक्यता लहान म्हणता येणार नाही.

एखाद्या ठिकाणी पंचवीस-तीस वर्षांचीच नोंद असेल तर तिच्यावरून शंभर वर्षांतील कमाल पाऊस काढणे धोक्याचे असते. आणि जेथे नोंदच नाही तेथे तर हा मार्गच बंद होतो. यावर शास्त्राने काढलेला तोडगा साधा आणि शहाणपणाचा आहे. काळाची उणीव जागेने भरून काढावयाची. ज्या प्रदेशात पाऊस पाडणारी कारणे सारखी आहेत, त्यातील सर्व मापकांच्या नोंदी एकत्र घ्यावयाच्या. प्रत्येक ठिकाणी दरवर्षीच्या कमाल एकदिवसीय पावसाची सरासरी काढून, त्या ठिकाणचे सर्व आकडे त्या सरासरीने भागावयाचे. असे केल्यावर जास्त पावसाचे व कमी पावसाचे ठिकाण एकाच मापाने तोलता येते आणि त्या साऱ्या प्रदेशासाठी एकच गुणक मिळतो.

उदाहरणादाखल, एखाद्या प्रदेशात शंभर वर्षांच्या पावसाचा गुणक २.४ आला असे मानू. मापक नसलेल्या गावाची कमाल एकदिवसीय पावसाची सरासरी नकाशावरून, उंची व स्थान पाहून, ११० मिलिमीटर ठरली. तर त्या गावाचा शंभर वर्षांचा एकदिवसीय पाऊस २६४ मिलिमीटर होतो. वीस मापकांच्या तीस-तीस वर्षांच्या नोंदी घेतल्या तर कागदावर सहाशे वर्षांचा अनुभव गोळा होतो. अर्थात एकच वादळ अनेक मापकांवर एकाच दिवशी बरसते, त्यामुळे हा अनुभव पूर्ण सहाशे वर्षांचा धरता येत नाही, हेही ध्यानात ठेवले पाहिजे.

भारतात हा विचार नवा नाही. खोसला समितीच्या शिफारशींनंतर देशाचे ७ विभाग आणि पर्जन्य व जलशास्त्रदृष्ट्या एकसारखे असे २६ उपविभाग पाडण्यात आले. केंद्रीय जल आयोग, भारतीय हवामान खाते, रेल्वेची संशोधन संस्था आणि रस्ते वाहतुकीचे मंत्रालय यांनी मिळून या उपविभागांसाठी पूर-अनुमानाचे अहवाल तयार केले. २५, ५० व १०० वर्षांच्या पावसाचे नकाशे त्यांत दिलेले आहेत. नोंदी नसलेल्या लहान खोऱ्यांवरील पूल व मोऱ्या यांच्या आखणीसाठीच हे अहवाल आहेत. ते कपाटात न राहता प्रत्येक आराखड्याच्या वेळी उघडले जाणे अगत्याचे आहे. त्याचबरोबर ते ज्या नोंदींवर उभे आहेत त्या जुन्या आहेत, याचीही जाणीव हवी. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतील शास्त्रज्ञांनी २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, १९५० ते २०१५ या काळात मध्य भारताच्या पट्ट्यातील विस्तृत अतिवृष्टीच्या घटना सुमारे तिपटीने वाढल्याचे दाखवून दिले. कालचे शंभर वर्षांचे प्रमाण उद्याही तसेच राहील असे गृहीत धरता येत नाही.

साडेआठची रेघ

दैनंदिन पावसाच्या नोंदीत आणखी एक बारकावा आहे. भारतात पावसाचा दिवस सकाळी साडेआठला संपतो. समजा, एके दिवशी सकाळी सात ते दहा या वेळात १८० मिलिमीटर पाऊस एकसारखा कोसळला. त्यातील ९० मिलिमीटर आदल्या दिवसाच्या रकान्यात आणि ९० मिलिमीटर पुढच्या दिवसाच्या रकान्यात जातील. तीन तासांत झालेली 'अति जोरदार' वृष्टी दप्तरात दोन दिवसांची 'जोरदार' वृष्टी बनेल. म्हणूनच रोजच्या नोंदींवरून काढलेला कमाल पाऊस, कोणत्याही सलग चोवीस तासांचा करण्यासाठी, साधारणपणे १.१३ ते १.१५ या गुणकाने वाढविण्याची पद्धत आहे. स्वयंचलित केंद्रांमुळे तासागणिक पाऊस कळू लागला, हा त्यांचा मोठा लाभ होय. कारण लहान ओढ्याला पूर येतो तो दिवसाच्या पावसाने नव्हे, तासाच्या पावसाने.

एका साध्या हिशेबाने हे स्पष्ट होईल. दोन चौरस किलोमीटर पाणलोट असलेल्या ओढ्यावर तासाला ६० मिलिमीटर पाऊस पडला आणि त्यातील निम्मा वाहून आला, तर ओढ्यातून सेकंदाला सुमारे १७ घनमीटर पाणी येते. पाऊस तासाला १०० मिलिमीटर झाला तर तेच पाणी सुमारे २८ घनमीटर होते. १७ घनमीटरांसाठी बसविलेली नळकांडी मोरी त्या दिवशी धरणासारखी पाणी अडवते, भराव फुटतो आणि खालच्या वस्तीवर संकट येते.

मोठ्या धरणांच्या बाबतीत अंदाज चुकल्यास काय होते, याचे उदाहरण गुजरातमधील मोरवी येथे ११ ऑगस्ट १९७९ रोजी घडले. मच्छू नदीवरील दुसऱ्या धरणाचा सांडवा सेकंदाला सुमारे ५,६६३ घनमीटर पाण्यासाठी आखलेला होता. प्रत्यक्षात आलेला पूर त्याच्या दुपटीहून अधिक होता असा नंतरचा अंदाज आहे. मातीचे धरण फुटले आणि फार मोठी प्राणहानी झाली. म्हणूनच मोठ्या धरणांसाठी, त्या हवामानात संभवू शकणारा कमाल पाऊस काढतात. शेजारच्या प्रदेशात पडलेले मोठे वादळ आपल्या खोऱ्यावर आले असते तर काय झाले असते, हा प्रश्न त्यात विचारला जातो.

आकाशातून पाहताना

रडार व उपग्रह यांनी मापक नसलेल्या प्रदेशावर नजर ठेवण्याचे साधन दिले आहे. फेब्रुवारी २०१४ मध्ये अमेरिका व जपान यांनी मिळून सोडलेला पर्जन्यमापन उपग्रह आणि त्याच्या जोडीचे इतर उपग्रह यांच्या आधारे दर अर्ध्या तासाचा पाऊस, सुमारे दहा किलोमीटर बाजूच्या चौकटीत, सांगितला जातो. तथापि अशा एका चौकटीत शंभर चौरस किलोमीटर जमीन येते आणि एखाद्या खोऱ्यातील ढगफुटी त्या सरासरीत विरून जाते. शिवाय घाटमाथ्यावर फार उंच न वाढणाऱ्या ढगांतूनही मुसळधार पाऊस पडतो. उपग्रह तो पुष्कळदा कमी दाखवितात. रडारच्या लहरींना डोंगर आड येतात. ही साधने मापकाला पर्याय नव्हेत. जमिनीवरच्या नोंदींनी त्यांना वेळोवेळी दुरुस्त करावे लागते.

जमिनीने राखलेली नोंद

लडाखमधील लेह परिसरात ऑगस्ट २०१० मध्ये, ५ व ६ तारखांच्या दरम्यानच्या रात्री, ढगफुटी होऊन दोनशेहून अधिक माणसे मृत्यू पावली. तेथील वेधशाळेच्या मापकात त्या चोवीस तासांत पाऊस नोंदला गेला तो सुमारे १३ मिलिमीटर. आकड्यावर विश्वास ठेवावा तर विध्वंस खोटा ठरतो! शास्त्रज्ञांनी मग ओढ्यांच्या पात्रांतील पुराच्या खुणा, वाहून आलेला गाळ व धोंडे, उतारावर पडलेल्या घळी यांचा अभ्यास करून त्या रात्रीच्या पावसाची तीव्रता अजमावली. जेथे यंत्र नव्हते तेथे जमिनीने नोंद ठेवली होती.

या रीतीत पुराच्या खुणेपासून पाण्याची उंची, पात्राची रुंदी व उतार मोजून आधी प्रवाह काढतात आणि मग वर दिलेला ओढ्याचा हिशेब उलट दिशेने करतात. दोन चौरस किलोमीटर पाणलोटाच्या ओढ्यातून सेकंदाला २५ घनमीटर पाणी गेले आणि पावसातील निम्मे पाणी वाहून आले असे धरले, तर पाऊस तासाला ९० मिलिमीटर ठरतो. वाहून येणारे प्रमाण ४० टक्के धरल्यास तो सुमारे ११० आणि ७० टक्के धरल्यास सुमारे ६५ मिलिमीटर येतो. म्हणून प्रामाणिक उत्तर एका आकड्यात नसते, '६५ ते ११० यांच्या दरम्यान' असे असते. असे उत्तर अपुरे वाटले तरी ते कोऱ्या रकान्यापेक्षा कितीतरी मोलाचे आहे.

यापेक्षाही साधी रीत म्हणजे उघड्यावरील भांड्यांची पाहणी. अमेरिकेतील पेनसिल्व्हानिया राज्यात स्मेथपोर्ट येथे १८ जुलै १९४२ रोजी साडेचार तासांत सुमारे ७८० मिलिमीटर पाऊस झाला, असा जागतिक कीर्तीचा आकडा दिला जातो. तो एखाद्या वेधशाळेतील मापकाचा नाही; लोकांच्या अंगणात राहिलेल्या भांड्यांत साचलेले पाणी मोजून तो काढण्यात आला.

गावाने करण्याजोगे

ही रीत कोणत्याही ग्रामपंचायतीला व शाळेला अमलात आणता येते. एक चौरस मीटर जागेवर एक लिटर पाणी म्हणजे एक मिलिमीटर पाऊस, एवढे सूत्र पुरे आहे. बादलीच्या तोंडाचा व्यास ३० सेंटीमीटर असेल आणि तिच्यात १० लिटर पाणी साचले असेल, तर पाऊस सुमारे १४० मिलिमीटर झाला. बादली वर रुंद व खाली निमुळती असते, म्हणून पाण्याची नुसती खोली मोजू नये. पाणी मापाने मोजून तोंडाच्या क्षेत्रफळाने भागावे. भांडे पावसाआधी रिकामे होते ना, ते वळचणीला नव्हते ना, त्यात पागोळ्यांचे पाणी पडले नाही ना, हे विचारून घ्यावे. भांडे भरून वाहिले असेल तर 'निदान इतका पाऊस' असे लिहावे. एका भांड्यावर न थांबता गावाच्या चारही बाजूंची पाच-सहा भांडी पाहावीत. त्यांचे आकडे जुळले तर साक्ष पक्की होते.

पुराची खूण मात्र फार काळ थांबत नाही. भिंतीवरची गाळाची रेघ, झाडाच्या फांद्यांत अडकलेला पालापाचोळा पुढच्या सरीत धुऊन जातो. यास्तव पहिल्या दोन-तीन दिवसांतच खुणेवर रंगाची रेघ मारावी, तिची उंची मोजावी, तारीख व वेळ लिहावी, छायाचित्र घ्यावे आणि हा तपशील पंचनाम्यास जोडावा. पाऊस केव्हा सुरू झाला आणि पाणी केव्हा चढले, हे गावातील जाणत्यांना विचारून त्याच वेळी टिपून ठेवावे. शाळेच्या आवारात मोकळ्या जागी साधा पर्जन्यमापक बसवून रोज सकाळी साडेआठला नोंद घेतली, तर दहा वर्षांत तो गावाचा अमोल दस्तऐवज होईल. केंद्र शासनाने २०२३ मध्ये जाहीर केलेल्या हवामान माहिती जाळ्याच्या कार्यक्रमात ग्रामपंचायत स्तरावर स्वयंचलित पर्जन्यमापकांचा विचार आहे. यंत्र येईल तेव्हा येवो. नोंदीची शिस्त आधी आली पाहिजे. यंत्र आल्यावरही ते झाडाखाली बसले आहे काय, त्याचे तोंड पानांनी बुजले आहे काय, हे गावालाच पाहावे लागेल.

अधिकाऱ्यांच्या बाजूनेही एक दंडक पाळला जाणे इष्ट आहे. 'पाऊस शून्य' आणि 'नोंद उपलब्ध नाही' या दोन सर्वस्वी निराळ्या गोष्टी आहेत. रकाना भरण्यासाठी दुसऱ्या गावचा आकडा घेतला असेल तर तसे लिहावे, अंदाज असेल तर अंदाज म्हणावा, आणि तो कशावरून काढला व त्यात किती फरक संभवतो हेही नमूद करावे. आज लिहिलेला शून्य उद्या एखाद्या अभियंत्याच्या हिशेबात जातो, त्या हिशेबावरून मोरी बांधली जाते आणि त्या मोरीवरून शाळेची मुले ये-जा करतात.